दर्या आत घे

उर्मिला वहिनी प्रयोगशाळेत सहसा पाऊल टाकत नसे. तिथल्या वासाचा तिला राग होता. घरात मासळीचा वास असतोच, त्याचं काही वाटत नाही, पण शिकलेली माणसं दिवसभर खवलं उकळत बसतात हे काही तिच्या गळी उतरत नसे. त्यामुळे त्या दिवशी ती कापडी पिशवी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा प्रणिताला वाटलं, आपण डबा घरी विसरलो असणार.

"तुझो डिंक सुटलो गो," वहिनी म्हणाली आणि तिने पिशवीतून काठवट काढली. म्हणजे आधी अर्धी काढून टेबलावर ठेवली, मग उरलेली अर्धी काढली.

काठवट घरातली जुनी होती. गेल्या वर्षी चिरली तेव्हा प्रणितानेच ती आपल्या सरसाने सांधून दिली होती आणि वर नातवंडं यात भाकऱ्या थापतील अशी फुशारकीही मारली होती. ते वहिनी विसरलेली नव्हती. ती मजेत हसत होती.

प्रणितालाही हसू आलं. तिने सांध्यावरून बोट फिरवलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं. सांधा तुटलेला नव्हता. लाकडाचा एक तंतूही उपटून आला नव्हता. सरसच मऊ पडला होता, भिजलेल्या साबुदाण्यासारखा.

"काय ठेवललंस ह्येच्यात?"

"काय ठेवतलंय? काल सांजच्याक सोलां भिजत घातलंय. चतुर्थीक पावणे येतले, त्येंका सोलकढी नको? सकाळी बघतंय तर पाणी सगळा खाली नि काठवट दोन."

सोलां म्हणजे वाळवलेली कोकमं. प्रणिताने बोट जिभेला लावलं. आंबट होतं. मग ती जवळच्या स्टुलावर बसली.

फायबरच्या होड्यांवर बंदी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या झिजत, त्यांचा भुगा समुद्रात जाई, मग माशांत आणि मग माणसांत. किनाऱ्यावर पुन्हा लाकडी होड्या बांधल्या जाऊ लागल्या, पण जुन्या पद्धतीने फळी वाकवून घट्ट बसवणारे हात आता फारसे उरले नव्हते. होडी सांधेल असं काहीतरी हवं होतं, ओल्यात टिकणारं, आणि तेलविहिरीतून न आलेलं. कांदळबंदरच्या सारंगांची मुलगी प्रणिता त्याच्या मागे लागली ती खडपावरच्या शिनाण्यांमुळे. लहानपणी भाऊबहीण ओहोटीला सुरी घेऊन शिनाणे काढायला जात. लाटा रात्रंदिवस आपटत असतात, तरी हा बोटाएवढा शिंपला खडक सोडत नाही. त्याला धरून ठेवतात त्याचेच बारीक धागे, आणि धाग्यांच्या टोकाला असतो त्याने स्वतः तयार केलेला डिंक.

त्या डिंकातलं मर्म प्रणिता शाळेतल्या मुलांना सांगताना हाताने करून दाखवी. डिंकाच्या रेणूंना जणू हात असतात. असे तीन हात मिळून लोहाचा एक कण पकडतात. असे लाखो कण पकडले गेले की डिंक घट्ट होतो. तिने असे हात असलेलं द्रव्य काजूगरावरच्या तांबड्या सालीतून काढलं, माशांच्या खवल्यांच्या सरसात मिसळलं, वर चिमूटभर लोहाचा क्षार घातला. झाला सरस तयार. त्याची एक खोड तिला पहिल्यापासून ठाऊक होती. हे हात समुद्राच्या खारट, किंचित अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाच्या पाण्यात आवळून धरतात. आंबटात मात्र सैल पडतात. पण समुद्रात आंबट कुठून येणार? तिने होडीची बाहेरची बाजू खारवून, तापवून, डिझेल आणि माशाचं तेल चोपडून वर्षभर छळून पाहिली होती. होडीच्या आत कोणी काय ओततं याचा विचार तिच्या डोक्यात आला नव्हता.

आणि ओतलं होतं तिनेच.

कांदळबंदरात हंगामाची पहिली फेरी निघण्याआधी होडीला न्हाऊ घालतात. बाहेरून नाही, आतून. मासळीच्या खणात कोकमाचं पाणी ओतायचं, नारळाच्या सोडणाने घासायचं आणि ते पाणी न काढता तसंच जिरू द्यायचं, म्हणजे गेल्या वर्षीचा वास मरतो. हे काम घरच्या बाईचं, आणि माहेरवाशीण हजर असेल तर पहिल्या घागरीचा मान तिचा. प्रणिताच्या भावाची, दिगंबरची 'सातेरी' तर कोरी करकरीत होडी. एकही खिळा नसलेली, नुसत्या सरसावर उभी राहिलेली किनाऱ्यावरची पहिली. तिला कुठला आलाय गेल्या वर्षीचा वास? पण रीत ती रीत. वहिनीने घागर पुढे केली, आणि साडी खोचून खणात उतरलेल्या प्रणिताने ती कडेकडेने, प्रत्येक सांध्यावरून, प्रेमाने ओतली. मग दुसरी. मग तिसरीही. दिगंबरने वरून फोटो काढला होता.

त्यानंतर दिगंबर सकाळी जाऊन दुपारी परत येत होता. खण कोरडाच राही, त्यामुळे काही बिघडलं नाही. परवा मात्र तो पहिल्यांदाच खणात बर्फ भरून लांब गेला होता. बर्फ वितळतो. त्याच्या गोड्या पाण्यात लाकडात जिरलेला आंबटपणा पुन्हा जागा होणार आणि एकेका सांध्यात उतरणार. हे सगळं प्रणिताला काठवटीकडे बघता बघता स्वच्छ दिसलं. तिने होडीचा क्रमांक लावला.

"काय गो, आज माझी आठवण?" दिगंबरचा आवाज खणखणीत होता. पाठीमागे वारा ऐकू येत होता.

"दादा, होडयेत पाणी येता?"

"तुका कोणी सांगल्यान?"

वहिनी खुर्चीवरून उठली.

"किती येता?"

"पंप काढता तितक्याच. सकाळपासून फळी मधीच कुरकुरता. नवी होडी, बसतली हळूहळू, म्हटलंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझ्या वयनीक सांगू नको."

"वयनी हंयच आसा. दादा, ती फळी बसणा नाय. ती सुटता."

तिने थोडक्यात काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला की वारा नैर्ऋत्येचा आहे, वाढतोय, आणि किनारा पुष्कळ लांब आहे. मदतीची बोट मागवतो, पण ती यायला संध्याकाळ होईल. मग त्याने खलाशाला हाक मारून मोटर मंद करायला सांगितलं. तेवढ्यात प्रणिताला तो आवाज ऐकू आला, बारीक, लांबट, ओल्या लाकडावर लाकूड घासल्याचा.

फोन ठेवताच तिने बंदराच्या रेडिओवर सांगितलं, की तिचा सरस कुठेही वापरलेल्या होड्यांनी खणातला बर्फ फेकून ताबडतोब परत यावं, सांधे सुटू शकतात. हा रेडिओ सगळा किनारा ऐकतो. पाठोपाठ संस्थेचे संचालक डॉ. रणदिवे यांचा फोन वाजू लागला. खात्री होण्याआधी असं जाहीर बोलायला नको होतं, हे ते म्हणणार हे तिला ठाऊक होतं. त्यांचा स्वभावच तसा, सावकाश. तिने फोन उलटा करून ठेवला.

आता करायचं काय? खालून शिरणारं समुद्राचं पाणी पंप लगेच बाहेर फेकत होता. सुटत होते ते फळ्यांना आतून धरणाऱ्या बरगड्यांचे सांधे, आणि ते त्या पाण्याच्या वर होते. तिथे बर्फाचं आंबट पाणी ठिबकत होतं. पंप जोरात चालवला तरी ठिबक थांबणार नव्हती. बरगड्या सुटल्या की फळ्या उघडतील आणि मग कुठलाच पंप पुरणार नाही.

लोह मात्र अजून सांध्यातच असणार. हात सैल पडलेत, पण पकडायची वस्तू जवळच आहे. ते हात पुन्हा आवळले तर?

कोपऱ्यात समुद्राच्या पाण्याची टाकी होती. त्यात शिनाणे पाळलेले होते. प्रणिताने काठवटीचे दोन्ही अर्धे त्या पाण्यात बुडवले, सांधा जुळवला आणि वहिनीचे हात धरून त्यावर ठेवले.

"दाबून धर. माका सांगल्याशिवाय सोडू नको."

"ह्या काय खेळ मांडलंस?" वहिनी म्हणाली. "थंय ते..."

"म्हणानच सांगतंय. धर."

वहिनीने धरलं. बांगड्या पाण्यात गेल्या, पदर भिजला. तिने एकदाही खाली पाहिलं नाही. ती समोरच्या पडद्याकडे बघत होती. तिथे नकाशावर 'सातेरी'चा ठिपका होता, जवळजवळ जागचा न हललेला.

दिगंबरचाच फोन आला. आता त्याच्या आवाजातला खणखणीतपणा गेला होता. पाणी पंपाच्या पुढे गेलं होतं. बाबुली खलाशी बादलीने उपसत होता. मदतीची बोट निघाली होती.

"दादा, आयक. मासळी नि बर्फ सगळा भायर टाक. डेक धुवची नळी खणात सोड."

"कित्याक?"

"दर्या आत घे."

"जल्मभर एकच गोष्ट शिकलंय मी," दिगंबर म्हणाला. तो ओरडला असता तर प्रणिताला बरं वाटलं असतं. "दर्या भायर ठेवचो. बापाशीन तोच शिकवल्यान, आज्यान तोच शिकवल्यान. नि तू माका सांगतंस आत घे."

"दर्याच्या पाण्यान सरस परत धरता. आंबट धुवून जाता. वरच्या सांध्यांपर्यंत ता पाणी पोचाक होया."

"अर्धो भरलेलो खण म्हणजे काय ता ठावक आसा तुका? एक लाट इली की सगळा पाणी एका अंगाक. होडी पलटी. आमी सगळे खाली."

हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे पुस्तकातून ठाऊक होतं, पण त्या क्षणी आठवलं नव्हतं. तिने डोळे मिटले. अर्धा भरला तर पाणी हेलकावतं. हेलकावायला जागा असते म्हणून हेलकावतं.

"मगे अर्धो नको. काठोकाठ भर. वर झाकण बसय. हलाक जागाच ठेव नको."

"काठोकाठ म्हणजे मासळीन भरल्यासारखी," तो पुटपुटला. "तितका वजन ती घेता." मग म्हणाला, "पण भरता भरता अर्धो होतलोच मां. तितक्या वेळात लाट इली तर?"

"तितको वेळ तुका सांभाळूचो लागतलो."

"नि भरून पण सांधो धरलो नाय तर?"

धरला नाही तर पाण्याने भरलेली होडी दगडासारखी खाली जाणार, आणि बहिणीच्या सांगण्यावरून जाणार.

"अख्खी होडी अशी भरून बघलंस कधी?" त्याने विचारलं.

"नाय."

"मगे कसली खात्री तुका?"

खोटं बोलणं सोपं होतं. दादा, शंभर टक्के, असं म्हटलं असतं तर त्याने लगेच नळी सोडली असती. लहानपणी खडपावर ती असंच बेधडक सांगायची, इथे पाय ठेव, घसरत नाही, आणि तो ठेवायचा. तिला रडू आलं. ती म्हणाली, "खात्री नाय दादा. वाटता माका. दुसरा काय सुचणा नाय."

"माका दी," मागून वहिनी म्हणाली.

प्रणिताने वळून पाहिलं. वहिनीने काठवट टाकीतून वर काढली होती. तिने एका हाताने एक काठ धरला होता आणि दुसरा अर्धा खाली लटकत होता, पाणी ठिबकत होतं, पण तो लटकत होता. वहिनीने आता दोन्ही काठ धरून ओढलं. दात आवळून ओढलं. मग गुडघ्याखाली दाबून ओढलं. काठवट सुटली नाही.

तिने ओल्या हातानेच फोन घेतला.

"आयकतास मां? मी उर्मिला. सकाळी काठवट दोन तुकडे होती. माझ्या हातान दर्याच्या पाण्यात धरलंय. आता सगळा बळ लावन वढलंय. सुटणा नाय." तिने काठवट छातीशी धरली. "तुमी घेवा पाणी आत."

"तू सांगतंस?"

"मी सांगतंय."

"बंद करतंय मगे. दोनव हात लागतले."

त्यानंतर फोन लागेना. पडद्यावरचा ठिपका थांबला. प्रणिताला माहीत होतं की मोटर अगदी मंद ठेवून, होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे धरून ते मासळी फेकत असतील. मग नळी सोडतील. आणि मग तो मधला वेळ, खण ना रिकामा ना भरलेला, जेव्हा एकच आडवी लाट पुरते. असा विचार सुरू झाला की तो थांबत नाही. प्रणिता येरझाऱ्या घालू लागली.

वहिनीने काठवट पुन्हा टाकीत बुडवली होती आणि ती तशीच धरून उभी होती. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती.

"वयनी, आता सोड. धरला तेना."

"तू नको सांगू माका कधी सोडूचा ता."

थोड्या वेळाने वहिनी आपणहून बोलली. "पयली घागर तू ओतलंस. पण तुझ्या हातात दिलंय मी. सोलां मी भिजत घातलंय. हौसेन." तिने नाक खांद्याला पुसलं. "नि तू शिकलंस इतक्या. तुका कळूक होया होता. त्येंका काय झाला तर मी तुझा तोंड बघूचंय नाय. आताच सांगान ठेवतंय."

प्रणिताने मान हलवली. ते तिला पटलं होतं. तिनेही स्वतःचं तोंड बघितलं नसतं.

ठिपका हलला तेव्हा दोघींनाही आधी खरं वाटलं नाही. वाऱ्याने वाहवत असेल. पण तो वाऱ्याच्या आडवा सरकत होता. किनाऱ्याकडे. गोगलगायीच्या गतीने, पण सरळ.

मग फोन वाजला.

"धरल्यान," दिगंबर म्हणाला. तो धापा टाकत होता. "फळी हलणा नाय. कुरकुर पण थांबली. भरता भरता एकदा बाबुली नि मी दोघव पडलंव, म्हटलंय झाला आता. पण इली परत सरळ." मग म्हणाला, "वयनी खंय?"

वहिनी टाकीशेजारी जमिनीवर बसली होती. काठवट मांडीवर होती आणि ती हुंदके देऊन रडत होती. फोन घ्यायला तिने हात पुढे केला.

'सातेरी' संध्याकाळी धक्क्याला लागली, पाण्याला टेकेल इतकी खाली बसलेली, सोबत मदतीची बोट. अख्खी वाडी जमली होती. दिगंबर उतरला, आधी बायकोपाशी गेला आणि तिच्या हातातली ओली काठवट बघून थबकला. त्याने ती घेतली, सर्वांदेखत दोन्ही हातांनी ओढून पाहिली, आणि परत दिली.

"आता सोलां घाल नको ह्येच्यात," तो म्हणाला. लोक हसले. प्रणिताला हसता आलं नाही. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा तिने तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की चूक कोकमाची नाही आणि रीतीचीही नाही. सरस माझा, आणि होडीच्या आत आपल्या बायका काय करतात हे मला ठाऊक असून मी तपासलं नाही. दिगंबरने ते ऐकून घेतलं.

"तुझ्यार विश्वास आसा माझो," तो म्हणाला. "डिंकार नाय."

त्याने त्या वर्षी 'सातेरी'च्या प्रत्येक बरगडीत तांब्याचे खिळे ठोकले. फळी दाबून धरायला प्रणिताच बसली होती. तिला ते आवडलं नाही, आणि ती त्याला नको म्हणाली नाही. प्रयोगशाळेत मात्र ती पुन्हा पहिल्या पायरीवर गेली. आता ती सरसावर आधी कोकमाचं आगळ ओते, चिंच ओते, ताक ओते, आणि मगच समुद्र. रणदिव्यांना हे पोरखेळ वाटे. तिने त्यांना एकदा काठवट दाखवली, तेव्हा त्यांनीही ती ओढून पाहिली.

वहिनी घरात नेहमीसारखी वागे. जेवायला वाढी, चौकशी करी. फक्त चेष्टा करेनाशी झाली होती, आणि प्रयोगशाळेत पुन्हा आली नाही.

पुढचा हंगाम आला. होडीला न्हाऊ घालायचा दिवस आला तेव्हा प्रणिता गर्दीत मागेच उभी राहिली. आपल्याला कोणी पुढे बोलावेल असं तिला वाटत नव्हतं. वहिनी कमरेवर घागर घेऊन पाण्यातून आली. घागरीत कोकम नव्हतं. नुसता समुद्र होता, गढूळ, थोड्या वाळूसकट. तिने गर्दीतून प्रणिताला शोधून काढलं आणि घागर तिच्यापुढे धरली.

"उतर खणात. पयली तुझी."

प्रणिताने घागरीला हात लावले. वहिनीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि घागर लगेच सोडली नाही. दोघींचे हात थोडा वेळ तसेच काठावर राहिले. मग वहिनीने सोडली.